पाच गेले, चार परतले

मुलांनो, सोलापूर म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? चादरी, शेंगाची चटणी, सिद्धेश्वराचं तळं आणि संक्रांतीची गड्डा यात्रा! पण आमच्या गावात भैय्या चौकाजवळ एक जुनं घर आहे. त्या घराची गोष्ट थेट चीनपर्यंत जाऊन पोचते. हे घर डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचं. महानगरपालिकेनं २०१२ साली तिथं त्यांचं स्मारक उभं केलं.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचाच. डॉक्टरकी ते मुंबईत शिकले. १९३७ साली जपाननं चीनवर मोठी चढाई केली. जखमींना डॉक्टर मिळेनात. तिकडून भारताकडे मदत मागितली गेली. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंच्या हाकेला ओ देत लोकांनी २२,००० रुपये जमवले. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. बोटीवर पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे, म्हणजे दोघे मराठी!

१९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. तिथं लोक डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहत. त्याआधी वाटेतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली होती. घरी परत जावं असं कुणालाही वाटलं असतं. ते पुढे गेले.

हळूहळू सोबती परतू लागले. आधी मुखर्जी आणि चोळकर, मग अटल. बसू १९४३ मध्ये आले. कोटणीस मात्र आघाडीजवळच्या डोंगराळ भागातच राहिले. चिनी भाषा शिकले. १९४० च्या लढाईत त्यांनी झोप न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात. पुढे ते तिथल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. सैनिक त्यांना प्रेमानं 'काळी आई' म्हणत. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन, सगळ्यांना पोसणारी. तिकडे हे नाव रंगावरून पडलं असेल. पण मला तरी ते आपल्याच अर्थानं शोभतं.

१९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन!

कोटणीसांना अपस्माराचे झटके येत. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक चिनी भाषेत लिहीत बसले होते. तेव्हा मोठा झटका आला आणि ९ डिसेंबरच्या पहाटे सगळं संपलं. वय अवघं ३२. बाळ साडेतीन महिन्यांचं.

वर्गात ही गोष्ट सांगितली, की हमखास प्रश्न येतो, "बाई, ते परत का नाही आले?" एकदा एका मुलीनंच उत्तर दिलं, "पेशंट संपले नव्हते ना!" याहून चांगलं उत्तर मलाही सुचलेलं नाही.

पण दुसरी बाजूही लक्षात ठेवा. इकडे घरचे वाट पाहत होते. मोठ्या कामाची किंमत एकट्या माणसाला नाही, घरादाराला मोजावी लागते. म्हणून त्या घरात शिरताना आवाज आपोआप हळू होतो.

शांताराम बापूंनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीसांचं काम स्वतःच केलं. चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे. लोक आजही तिथं फुलं वाहतात.

सोलापूरला आलात, तर चादर जरूर घ्या. पण त्याआधी भैय्या चौकातलं ते घर पाहा. आणि घरी गेल्यावर नकाशा काढून, सोलापूरपासून येनानपर्यंत बोट फिरवून बघा. केवढा लांबचा रस्ता आहे तो!