गवळ्याचा सिनेमा

आरेच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला सिनेमा भेटला तो गणपतीत. गोरेगावला थेटरात जायचं म्हणजे बसचं भाडं, तिकिटाचे पैसे आणि परतताना झाडीतला काळोख. त्यापेक्षा वर्गणी काढून भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर बरा. दोन बांबू आणि मध्ये ताणलेला पडदा. पडदा तरी कसला, जुन्या चादरी जोडून शिवलेला, आणि नेमका मधोमध ठिगळ. नायिकेचा चेहरा त्या ठिगळावर आला की तिला देवी आल्यासारख्या दिसायच्या.

पुढे पोरंटोरं, मागे खुर्च्यांवर साहेब मंडळी. उशिरा येणाऱ्यांना जागा पडद्यामागे. तिथून सिनेमा उलटा दिसायचा, पण दिसायचा. पाड्यांवरची माणसं बॅटऱ्या घेऊन घोळक्यानं यायची. तबेल्यातले भय्येही यायचे, पहाटेची धार डोक्यावर असूनसुद्धा.

एका वर्षी 'अमर भूपाळी' येणार म्हटल्यावर पोरांनी नाकं मुरडली. रंगीत नाही, मारामारी नाही. मोठी माणसं मात्र खुशीत. एक तर व्ही. शांतारामांचा सिनेमा, आणि दुसरं म्हणजे नायक गवळी! शाहीर होनाजी शिलारखाने, पुण्याचा, घरचा धंदा दुधाचा. त्याचा जोडीदार बाळा करंजकर जातीनं शिंपी. हे कळल्यावर पडदा शिवणारे आमचे शिंपीमामा दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडत होते.

गवळी नायकाचं एवढं अप्रूप, कारण आमच्याकडे सगळं दुधाचंच होतं. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर काढून एका जागी आणाव्यात म्हणून दारा खुरोडींच्या पुढाकारानं आरेची ही वसाहत उभी राहिली. नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं १९५१ साली, आणि 'अमर भूपाळी'ही त्याच सालचा. आमच्याकडे घड्याळ दुधाचं: गाड्या निघाल्या की उठायचं. आमच्याकडे ओळख दुधाची: बाप कुठल्या युनिटात, एवढंच विचारायचं. मखरसुद्धा दुधाचं. काचेच्या बाटल्यांची पन्नीची झाकणं वर्षभर डब्यात जमवायची, पाटीवर ठेवून अंगठ्याच्या नखानं घासघासून सपाट करायची आणि सुईदोऱ्यानं ओवायची. घाईत नख जोरात फिरलं की पन्नी टरकन फाटे. ती टाकायची नाही. चोळामोळा करून तिचे मणी करायचे.

सिनेमा सुरू झाला. लावणी आली तशी आज्यांना एकदम तहान लागली, आणि पाणी आणायला मुलींनाच पिटाळलं गेलं. मुली पाणी आणायच्या विक्रमी वेळात. अभिनेत्री संध्याचा हा पहिलाच सिनेमा, हे आम्हाला फार नंतर कळलं. मग रीळ तुटलं, शिट्ट्या झाल्या, रीळ जोडलं गेलं. आणि होनाजीची ती भूपाळी लागली. वसंत देसाईंचं संगीत, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकरांचा आवाज. शेजारच्या रेडिओवर दात घासताना ऐकलेली, कुणी लिहिली ते कधी न विचारलेली. रात्री दहाला भूपाळी, पण कुणाला वावगं वाटलं नाही. बायका गुणगुणायला लागल्या. मराठी न कळणारे भय्ये मान डोलवत होते. गाईगुरांची पहाट त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मंडळानं फळ्यावर लिहिलं होतं, 'देशभक्तिपर संगीतमय चित्रपट'. आम्ही शेवटपर्यंत तलवारींची वाट बघत बसलो. पेशवाई मावळतीला लागलेली, इंग्रज दाराशी आलेला, आणि या माणसाच्या हातात शस्त्र कुठलं, तर गाणं! पोरांचा विरस झाला. आज वाटतं, पुढच्या गणपतीत बघितलेल्या लढायांच्या सिनेमांपेक्षा देशाचं दुखणं याला जास्त कळलं होतं. राज्य गेलं, सरदार गेले, दफ्तरं कपाटात गेली. गवळ्याची भूपाळी मात्र घरोघरी राहिली. शाळेत पेशवाईच्या धड्यात होनाजीचं नाव आम्हाला भेटलं नाही, हे मला अजून खटकतं.

दुसऱ्या दिवशी नळावर दुसरा विषय नव्हता. आठवडाभर पोरं होनाजी झाली, आणि डबे बडवले म्हणून मारही खाल्ला.

१९५२ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात या सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचा तांत्रिक पारितोषिकानं गौरव झाला. आमच्या भोंग्यातून ते ध्वनिमुद्रण कसं ऐकू आलं असेल, ते सोडा. तुम्ही बघाल तेव्हा आवाज चांगला मोठा ठेवा, आणि गॅसवरचं दूध आधी उतरवून घ्या.