मागें राहिलेलें माणूस

गेल्या चैत्रांत भोर येथें आमचे वडील वारले. पन्नाशी उलटलेल्या, मृत्यूवरचीं इंग्रजी काव्यें वर्षानुवर्षें शिकविणाऱ्या प्राध्यापकानें आपण पोरके झालों असें म्हणावें, हें कोणास हास्यास्पद वाटेल. पण नीरेच्या काठीं अस्थि गोळा करतांना आम्हांला दुसरा शब्द सुचला नाहीं.

दिवसकार्य आटोपलें, आप्तेष्ट पांगले, आणि घरांत आम्ही व मातोश्री उरलों. त्या दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहात. "आतां माझें इथें काय काम राहिलें?" एवढेंच म्हणत. आत्म्याच्या अमरत्वाविषयीं आम्ही त्यांना पुष्कळ सांगितलें. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "अरे, हें तूं मला सांगतोस कीं स्वतःला?"

वैशाखांत, मन कोठेंच रमेना म्हणून, आम्ही वेल्ह्याकडे जाऊन राजगड चढलों. रायगडापूर्वीं हीच शिवाजीमहाराजांची राजधानी. पद्मावती माचीवर बसलों असतां १६६४ सालची हकीकत आठवली. कर्नाटकांत शिकारीच्या वेळीं घोड्यावरून पडून शहाजीराजे निवर्तले. जिजाबाई सती जावयास सिद्ध झाल्या. बखरी सांगतात कीं, महाराजांनीं मातेच्या गळ्यास मिठी घातली आणि आपला पराक्रम पाहावयास तुझ्याविना कोणी नाहीं, असें विनवून तिला राहविलें. त्या विनवणींत वेदान्त नाहीं, गरज आहे. जिजाबाई पुढें दहा वर्षें जगल्या. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक डोळ्यांनीं पाहून अकरा दिवसांनीं पाचाडास त्यांनीं देह ठेविला.

आमच्यापाशीं राज्य नाहीं, पराक्रम त्याहून नाहीं. गरज मात्र होती. गांवीं वडिलांचीं चार भातखाचरें आहेत. बियाणें कोठें ठेविलें, आंबेमोहर कोणत्या खाचरांत लावावयाचा, राबाची मजुरी कोणाची राहिली, यांतलें आम्हांला कांहींच ठाऊक नव्हतें. घरीं येऊन जें खरें होतें तेंच बोललों, "आई, मृग जवळ आला. मला यांतलें कांहीं कळत नाहीं. तूं सांगितल्याशिवाय पेरणी व्हावयाची नाहीं."

त्या उठून बसल्या. "तुझ्या वडिलांना तरी कुठें कळत होतें!" असें म्हणतां म्हणतां हंसल्या, आणि लगेच रडूं लागल्या. आम्हीहि रडलों, तेरा दिवसांत जें साधलें नव्हतें, तें तेव्हां साधलें.

एवढ्यानें शोक सरला असें आम्ही म्हणत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं कणगींतलें बियाणें काढून आम्हां मायलेकांनीं तें अंगणांत उन्हाला घातलें.