वाऱ्याचा घसारा

वारा हा विषय बी. कॉम.ला नसतो. आम्हाला घसारा होता, पण तो यंत्रसामग्रीवरचा. तरी गल्लीतल्या नववी-दहावीच्या पोरांना वारा शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कारण बँकेतल्या माणसाला सगळे आकडे येतात, अशी लोकांची समजूत. ते येत असते तर पासबुक भरायला यंत्र कशाला आणलं असतं?

पोरांचा प्रश्न मात्र रास्त होता. आमच्या भूम-वाशीकडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. वैशाखातल्या रात्री अंगणातल्या लिंबाचं पान हलत नाही, आपण पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले, आणि तिकडे पाती खुशाल गरगरताहेत. "सर, आपलं वारं वरच्या वर कोण अडवतंय?"

म्हटलं, बाबांनो, अडवणारे सगळे खालीच आहेत. जमिनीलगतच्या वाऱ्याला ज्वारीची ताटं, बाभळी, घरं, गोठे यांना घासत जावं लागतं. काउंटरवरच्या कारकुनासारखं, पावलापावलाला कुणीतरी धरणार. वर जावं तसा अडथळा कमी. वरचे साहेब बँकेतून कसे सुळकन निघून जातात, तसं! दिवसा जमीन तापते, हवा ढवळली जाते, म्हणून वरच्या वेगातला थोडा वाटा खाली पोचतो. रात्री जमीन गार पडली की गार, जड हवा तळाशी बसते आणि वरचं-खालचं देणंघेणं बंद.

मग हिशेब मांडला. हवामान खातं वारा मोजतं तो साधारण 10 मीटरवर. मोकळ्या, सपाट माळासाठी ढोबळ नियम असा, की उंची जितके पट, त्याचं सातवं मूळ काढायचं; वेग तितके पट. 10 वरून 100 मीटरवर गेलात तर उंची दहापट, वेग फक्त 1.39 पट. सेकंदाला 4 मीटरचा वारा साडेपाचच्या थोडा वर. पोरांचे चेहरे पडले. एवढं चढून एवढंच? मुदत ठेवीची पावती बघताना आमच्या खातेदारांचे पडतात तसेच.

"थांबा, चक्रवाढ अजून लावायचीय," मी म्हटलं. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. 1.39 चा घन सुमारे 2.7. खालचा रुपया वर 2 रुपये 70 पैसे! झाडी, डोंगर आले की नियम बदलतो, म्हणून कंपन्या आधी उंच मनोरा उभारून वारा मोजतात.

आम्हीही गच्चीवर बांबू उभा केला. गुडघ्याशी, खांद्याशी आणि टोकाला एकेक फीत बांधली. खालची लोंबत होती, वरची फडफडत होती. ऑडिट झालं.

तेवढ्यात मागची एक पोरगी म्हणाली, "सर, चक्की शेजारच्याच्या रानात हाय, पैसं त्यांना. पण ती वारं घेती आमच्या रानावरनं येणारं. त्याचं व्याज कुणाचं?"

सातबाऱ्यावर विहीर लागते, झाड लागतं. वारा लावायला रकाना नाही. सातवं मूळ निघालं, घन झाला, हे गणित मात्र माझ्याच्याने सुटेना. पोरीचा बाप चार वर्षं कर्जाचे हप्ते फेडतोय, हे मला खातेवहीवरून ठाऊक.

तिला इंजिनिअर व्हायचंय म्हणे. मला वाटतं, वकील झाली तरी चालेल.