पोटभर रडणं

२४ डिसेंबरची रात्र. बोदलकसाच्या तलावावर धुकं उतरलेलं, मधूनच पाण्यावरून बदकांचा कलकलाट. खोलीत रजई ओढून मी लॅपटॉपवर ‘नोएल’ लावला. २००४चा हा चित्रपट नट चॅझ पाल्मिन्टेरीने दिग्दर्शित केलेला. न्यूयॉर्कमधली नाताळची पूर्वसंध्या आणि चार-पाच एकटी माणसं. सुझन सॅरंडन स्मृती हरवलेल्या आईच्या उशाशी. एक तरुण तर चक्क स्वतःचा हात मोडून घ्यायला निघतो. का, तर लहानपणी इस्पितळात पाहिलेली नाताळची पार्टी पुन्हा मिळावी म्हणून!

योगायोग फार, साखर त्याहून फार, असं म्हणत समीक्षकांनी त्याला झोडपलं. ते मला पटत होतं, आणि डोळेही भरत होते. खोलीत कुणी नसताना मी ओशाळलो.

दुसऱ्या रात्री जवळच्या गावात नाटक होतं. धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. तणसावर पोतं अंथरून गाव बसलेलं. मुलाने घराबाहेर काढलेली आई, मग विनोदी नटाची धमाल, मग पुन्हा आई. सगळं आधीच ठाऊक असलेलं. शेजारची आजी मात्र पदराने डोळे पुसत होती. पहाटे उठताना समाधानाने म्हणाली, “मस्त होता नाटक. पोटभर रडली जी मी.”

तिला ओशाळावंसं वाटलं नाही, कारण आजूबाजूचे शंभर पदर ओलेच होते.

नाताळच्या सिनेमांचंही असंच. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ साली खर्चही भरून काढू शकला नाही. १९७४मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, तो वाहिन्यांना फुकट मिळू लागला आणि दर डिसेंबरला घरोघरी लागू लागला. चित्रपट तोच, फक्त बघायला घर जमू लागलं. ‘नोएल’ मात्र सुरुवातीला उघडल्यावर ४८ तासांत निकामी होणाऱ्या डीव्हीडीवर विकला गेला. त्या डीव्हीडीला दरवर्षी परतून यायची सोयच नव्हती.

समीक्षक चुकले नव्हते, साखर होतीच. पण असं गोड पंगतीत वाढायचं असतं. त्या तरुणाला हे कळलं होतं, म्हणून तर तो हात मोडायला तयार होता. मला कळायला तणसावर बसावं लागलं.