माझा डावा कान

माझा डावा कान उजव्या कानापेक्षा थोडा लहान आहे. सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. पण याच कानापायी मी एकदा शाळा सोडायला निघालो होतो.

आमचे गाव हिंगणी, वर्धा जिल्ह्यातले, बोर धरणाच्या वाटेवरचे. अब्बांचे तेथे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. १९८९ साली मी सहावीत होतो. दुकानासमोर एक कुत्रा अंगावर आला आणि त्याने माझ्या कानाच्या काठाचा लचका तोडला. शेजारीण हळद घेऊन धावली. अब्बांनी तिला थांबवले आणि जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतली. तेच योग्य होते. मग इंजेक्शने झाली, जखम भरली. पण कानाला खाच राहिली.

मुले मला 'कानतुट्या' म्हणू लागली. उन्हाळ्यात बरे असे. आमच्या विदर्भात सगळेच कानाला दुपट्टा बांधतात. पावसाळ्यात काय करणार?

शेवटी अब्बा मला नागपूरला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "बाळा, बाहेरून काही आणायचे नाही. आहे तेच सरकवायचे." खाचेच्या वरचा आणि खालचा काठ आतल्या बाजूने सोडवायचा, मागची कातडी तशीच ठेवायची, म्हणजे रक्त पोहोचत राहते. मग दोन्ही टोके जवळ आणून शिवायची. कानाची पाळी सैल असते, म्हणून हे जमते. कान थोडा लहान होतो, पण आकार राहतो.

पुढे मी वाचले, की ही पद्धत मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. बुच यांनी १९६७ साली मांडली. आज ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कुष्ठरोग्यांचे बिघडलेले चेहरे आणि हात सुधारण्यासाठीही डॉ. अंतियांनी फार कष्ट घेतले.

माझ्या शेजारच्या खाटेवर दहा वर्षांची एक मुलगी होती. तिला जन्मतःच एक कान नव्हता, नुसता मांसाचा लहानसा उंचवटा होता. डॉक्टरांनी तिच्या बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून तिचा कान कोरला होता आणि कातडीखाली बसवला होता. बरगड्या पुरेशा वाढाव्यात म्हणून इतकी वर्षे थांबावे लागले. अजून एक शस्त्रक्रिया बाकी होती.

तिने मला विचारले, "तुला टाके किती पडले?"

मी आकडा सांगितला.

"एवढेच?" ती म्हणाली, आणि छातीवरची पट्टी दाखवून हसली.