थोडा मावा राहू द्या

कीड दिसली की औषध मारायचं, हे माझं साधं सरळ धोरण होतं. मित्रकीटकांच्या गोष्टी करणारी माणसं मला रिकामटेकडी वाटायची. किडा सोडून किडा मारायचा, मग त्या दुसऱ्या किड्याचं काय, हा माझा ठरलेला प्रश्न. आज माझं मत बरोबर उलट आहे. ते दोन टप्प्यांत बदललं आणि त्यातला दुसरा टप्पा पचवायला जास्त जड गेला.

पहिला टप्पा उसाने गाठून दिला. 2002 साली आमच्या सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पसरला. पानाच्या पाठीवर पांढरा थर, त्यातून गळणारा चिकट रस आणि त्या रसावर धरलेली काळी बुरशी. माझे दीर फवारणीच्या मागे लागले. पण पुरुषभर उंचीच्या वर गेलेला दाट ऊस, आत शिरायला वाट नाही, पाठीवर पंप. औषध पोचणार कुठे? मावा आटोक्यात आला तो डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्यांमुळे आणि मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या किड्यामुळे. ज्या फडात या अळ्या दिसत, तिथली पानं तोडून लोक दुसऱ्या फडात नेऊन अडकवत. “वहिनी, आता फवारू नका म्हणतात,” असं भाऊजी सांगायचे, तेव्हा त्यांचाही विश्वास बसलेला नसायचा. पण मावा हटला. डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीशी वाद कसा घालणार?

मग मी परसबागेसाठी मित्रकीटक विकत आणायला लागले. ट्रायकोकार्ड आणलं. त्यावर तांदळाच्या पतंगाची सुमारे 20 हजार अंडी असतात आणि प्रत्येकाच्या पोटात ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी वाढत असते. ती पतंगांच्या अंड्यांतच आपली अंडी घालते; त्यामुळे वांगी-टोमॅटो पोखरणाऱ्या अळीवर उपयोगी, माव्यावर शून्य. जास्वंदीच्या पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडले. कुंड्यांतल्या हुमणीसाठी सूत्रकृमी आणले. हे डोळ्यांना न दिसणारे जंत हुमणीच्या अंगात शिरतात आणि सोबतचे जिवाणू आत सोडतात. दोन दिवसांत हुमणी मरते आणि विटकरी लाल पडते. माती ओली हवी, आणि सोडायचे ते ऊन उतरल्यावर.

सगळं चाललं. तरी मला खटकत राहिलं. क्रिप्टोलिमसने पिठ्या फस्त केला, खायला उरलं नाही म्हणून तो निघून गेला. पिठ्या परतला की मी पुन्हा मागवायची. बाटली जाऊन पाकीट आलं होतं, एवढाच फरक. कीड दिसली की सोडायचं, हे धोरण जसंच्या तसं राहिलं होतं.

कुंपणाच्या कडेला एक रुई आहे. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं न्यायला शेजारपाजारचे येतात, म्हणून ती कधी काढली नाही. तिच्या शेंड्यावर कायम पिवळा मावा असतो. एकदा तो नीट निरखला. पानाखाली ढालकिड्याची उभी, पिवळी अंडी एकमेकांना लागून. देठावर त्याची करडी, नारिंगी ठिपक्यांची अळी माव्यातून वाट काढत खात चाललेली. ढालकिडा ओळखणारी माणसंही ही अळी कीड समजून चिरडतात. काही मावे फुगून तपकिरी झालेले, पाठीला गोल भोक: आत वाढलेली बारीक गांधीलमाशी तिथून बाहेर पडलेली. माझ्या मिरच्यांवरचे ढालकिडे इथलेच.

मग गणित जुळलं. मावा नराशिवाय थेट पिल्लं घालतो आणि ती आठवडाभरात वयात येतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. औषधाने दोघेही मेले, तर आधी परतणार मावाच. आणि माव्याचा मागमूस ठेवला नाही, तर ढालकिडा अंडी घालायलाच थांबणार नाही. म्हणजे मित्रकीटक हवे असतील, तर बागेत थोडी कीड मुद्दाम ठेवायला हवी. नेमकं हेच माझ्या गळी उतरत नव्हतं. कपाशीत चवळी लावणारे शेतकरी तेच करतात: चवळीवर काळा मावा येतो, त्यावर ढालकिडे वाढतात आणि पुढे कपाशीवर जातात.

आता रुई तशीच असते. कडेला चवळी लावते, घेवड्यापासून लांब. कोथिंबीर आणि शेपू फुलू देते, कारण सिरफिड माशीची अळी मावा खात असली तरी माशीला स्वतःला फुलंच लागतात. जास्वंदीच्या खोडाला चिंधी बांधून ग्रीस लावते. चिकट रसासाठी मुंग्या पिठ्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. फार माखलेली फांदी छाटून टाकते. कारल्याच्या फळमाशीला मात्र सापळा लावतेच, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. चवळीच्या शेंगा कमी येतात, पाहुणे शेंडे बघून नाक मुरडतात, हेही खरं.

भाऊजींना हे अजून पटलेलं नाही. “म्हणजे किडीला पोसायचं?” असं ते विचारतात. हो, पोसायचं, फक्त कुठल्या झाडावर, ते आपण ठरवायचं.