डॉक्टरांच्या गाडीचा रंग

जुनी मोटार म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळा रंगच उभा राहतो. जुन्या छायाचित्रांनी ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसवली आहे की, आपल्या पणजोबांच्या काळी सारे जगच काळेपांढरे होते की काय, अशी शंका यावी! वस्तुस्थिती तशी नाही. हेन्री फोर्ड यांची सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' 1908 साली बाजारात आली, तेव्हा ती तांबड्या, हिरव्या आणि करड्या रंगांतही मिळत असे. पुढे 1914 पासून 1925 पर्यंत मात्र ती केवळ काळ्या रंगात निघाली. कारण तो रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि लाखांनी गाड्या काढायच्या तर एकच रंग सोयीचा पडत होता. 1923 साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचा 'ड्यूको' हा झटपट वाळणारा रंग मोटारींवर चढू लागला आणि जे काम पूर्वी कित्येक दिवस, क्वचित आठवडेही खाई, ते तासांवर आले. मग रंगांची रेलचेल झाली. ते 'ड्यूको' नाव आपल्याकडील गॅरेजांतून आजही ऐकू येते.

हे सारे ज्ञान आमच्यापुरते पुस्तकातच राहिले असते. पण आमच्या थोरल्या मामांनी आजोबांची मॉरिस मायनर गाडी दुरुस्तीला काढली आणि तिचा रंग ठरवण्याचे काम 'तू चार बुके वाचतोस' या एकाच पात्रतेवर आमच्या गळ्यात घातले.

आमचे आजोबा फोंडे तालुक्यात डॉक्टर होते. पोर्तुगीज अमदानीत, 1954 साली, ही गाडी मुरगाव बंदरात उतरली. पोर्तुगालात 1928 पासून वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालू लागली होती. गोव्यात मात्र शेजारच्या मुलखाप्रमाणे डाव्या बाजूचीच वहिवाट राहिली, म्हणून आमची गाडीही उजव्या हाताला चाक असलेलीच आली. आजोबांच्या पश्चात ती पंचवीस-तीस वर्षे गोठ्यालगतच्या छपरात उभी होती. पत्रा काही ठिकाणी गंजला होता आणि डिकीत कोंबड्यांनी संसार थाटला होता.

इंजिन, ब्रेक, पत्राकाम यांविषयी कोणाचे दुमत नव्हते. भांडण लागले ते रंगावरून. गॅरेजमधील मिस्त्रींचा आग्रह चकचकीत लाल रंगाचा. "असा झळकेल की लोक थांबून बघतील," असे ते म्हणत. मामांचे म्हणणे, गाडी कारखान्यातून निघाली त्याच रंगात हवी. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात परीक्षक अस्सलपणालाच गुण देतात. आणि आजी? नव्वदी ओलांडलेली आमची आजी या वादात बोललीच नाही. ती फक्त रोज विचारी, "दोतोराची धवी गाडी केन्ना येतली?" म्हणजे, डॉक्टरांची पांढरी गाडी कधी येणार?

आम्ही शोधास लागलो. विद्यार्थिमित्रहो, जुन्या गाडीचा रंग शोधणे हे इतिहास-संशोधनासारखेच काम आहे. येथेही अस्सल कागद, अवशेष आणि तोंडी साक्ष अशी तीन साधने असतात. आणि येथेही ती एकमेकांशी सहसा जुळत नाहीत!

पहिले साधन कागदाचे, किंबहुना पत्र्याचे. त्या काळच्या मॉरिस गाडीच्या क्रमांकाच्या पट्टीवर प्रथम तीन अक्षरे असत. आमच्या पट्टीवर 'एफ, बी, ई' अशी होती. 'एफ' म्हणजे मायनर, 'बी' म्हणजे दोन दारांची आणि तिसरे अक्षर रंगाचे. 'ए' असते तर काळा. आमचे होते 'ई', म्हणजे हिरवा. त्या सुमारास मायनरला मिळणाऱ्या हिरव्याचे नाव 'एम्पायर ग्रीन', अर्थात साम्राज्याचा हिरवा. इंग्रजांच्या साम्राज्याचे नाव घेऊन गाडी पोर्तुगिजांच्या साम्राज्यात आली. आज दोन्ही साम्राज्ये गेली आणि गाडी उरली, ही गंमत आम्हांस मोठी वाटली.

दुसरे साधन अवशेषांचे. मूळ रंग शोधायचा तो बाहेरच्या पत्र्यावर नव्हे; तेथे ऊन, पाऊस आणि पॉलिश यांनी त्याचे रूप पालटलेले असते. तो शोधावा डिकीच्या रबराखाली, दाराच्या आतल्या अस्तरामागे, डॅशबोर्डच्या पाठीमागे. मिस्त्रींनी मडगार्डावर रुपयाएवढ्या जागी बारीक पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवला. झाडाच्या बुंध्यातील वर्तुळांसारखी कडी उमटली : वर एक मळकट निळा, त्याखाली पांढरा, त्याखाली गडद हिरवा, त्याखाली प्रायमर आणि मध्यभागी लखलखीत पत्रा. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून हे काम कोरडे घासून करू नये आणि नाकातोंडावर मास्क बांधल्यावाचून तर मुळीच करू नये. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत नव्वद भागांची मर्यादा घालणारे नियम 2016 साली झाले; त्यापूर्वीच्या कोणत्याही रंगाशी जपूनच वागावे.

निळा रंग आजोबांच्या पश्चात चढला होता. तो कोणालाच नको होता. आता सामना हिरव्या आणि पांढऱ्याचा. हिरव्याच्या बाजूने पट्टी होती, अवशेष होता. पांढऱ्याच्या बाजूने आजीचा एक प्रश्न. घरातील लग्नाच्या छायाचित्रात गाडी आहे खरी. पण कृष्णधवल छायाचित्रात गडद हिरवा, तांबडा आणि निळा हे तिघेही एकाच करड्या रंगात उतरतात. त्या चित्राने एवढेच सांगितले की, त्या दिवशी गाडी पांढरी नव्हती. मामांना तेवढे पुरेसे वाटले.

तेव्हा आम्ही तिसऱ्या साधनाकडे वळलो. आजीपाशी बसून विचारले, "आजी, गाडी आधी हिरवी होती ना? मग पांढरी का केली?" आजीने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, एवढेही कळू नये काय! मग म्हणाली, "रातची दिसची म्हूण तांणीं ती धवी केल्ली." रात्री दिसावी म्हणून त्यांनी ती पांढरी केली.

हळूहळू सारे बाहेर आले. खेड्यांत तेव्हा वीज नव्हती. बाळंतपणे आणि सर्पदंश घड्याळ पाहून येत नाहीत. वाटेवर कंदील घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांना झाडीच्या अंधारात हिरवी गाडी अगदी जवळ येईतो दिसत नसे. म्हणून आजोबांनी नवी कोरी गाडी दोनच वर्षांत पांढरी करून घेतली. मग वळणावर धूसर पांढरे काही दिसले की वाटेवरचे माणूस घराकडे ओरडत धावे, 'दोतोर आयलो!'

आम्ही हे मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मला आईने कधी सांगितलेच नाही." आम्हांस वाटते, ते कोणी कधी विचारलेच नव्हते.

तरीही परीक्षकांचा प्रश्न उरतोच, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तरही आम्हांस सापडले. जुन्या मोटारींसाठी काम करणाऱ्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाची 'ट्यूरिन सनद' 2013 सालापासून लागू आहे. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिस येथे सनद झाली, तिच्याच धर्तीवर ही बेतलेली आहे. तिचा आशय असा की, वाहनाचा इतिहास कारखान्याच्या दारात संपत नाही. वापराच्या काळात त्यात झालेले बदल हाही त्या इतिहासाचाच भाग होय. आमच्या आजीने ती सनद वाचलेली नाही; पण तिचे मत तेच आहे.

पांढरा ठरला, तरी कोणता पांढरा? डॅशबोर्डमागचा तुकडा पिवळट निघाला. मिस्त्री म्हणाले, हा तर साय-रंग. परंतु काही जुने एनॅमल रंग अंधारात राहिले की पिवळे पडतात आणि उजेडात ठेवले की पुन्हा उजळतात, असे आम्ही वाचले होते. तो तुकडा तीन आठवडे खिडकीत उन्हाला ठेवला. पिवळटपणा बराचसा उतरला. मग रंगाच्या दुकानातील यंत्राने त्याचे मोजमाप घेऊन तीन नमुने तयार केले. ते पत्र्याच्या तुकड्यांवर फवारून, वाळवून, आम्ही सकाळच्या उन्हात, दुपारच्या सावलीत आणि ट्यूबलाइटखाली पाहिले. कारण दोन रंग उन्हात एकरूप दिसतात आणि तेच दिव्याखाली परके होतात. डब्यातील ओल्या रंगावर किंवा छापील पत्रकावर विसंबून गाडी रंगवू नये, हा धडा प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

अखेरची निवड आजीची. तिची दृष्टी आता मंद झाली आहे. तिन्ही पत्रे तिच्यापुढे धरले, तेव्हा ती म्हणाली, "भायर काळोखांत व्हरून दाखय." बाहेर काळोखात नेऊन दाखव! रात्री अंगणाच्या टोकाला, माडाखाली आम्ही तिन्ही पत्रे एकामागून एक धरले. तिने दुसरा निवडला. रंगशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही चाचणी आमच्या वाचनात आलेली नाही. पण ज्या कामासाठी तो रंग होता, त्या कामाची याहून योग्य परीक्षा दुसरी कोणती असणार?

मामांनी एक अट घातली, ती सर्वांना मान्य झाली. डिकीच्या झाकणाखालचा वीतभर हिरवा भाग न घासता तसाच ठेवला आहे आणि कोणता थर कधीचा, याची नोंद एका कागदावर लिहून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवली आहे. उद्या कोणा नातवंडाला हिरवी गाडी हवीशी वाटली, तर त्याला पुरावा शोधत फिरावे लागणार नाही.

आपल्या घरोघरी अशा वस्तू असतात : एखादे कपाट, एखादी पेटी, एखादी सायकल. त्यांवर नवा हात फिरवण्यापूर्वी कोपऱ्यात थोडे घासून पाहावे. आणि त्याहीपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांपाशी घटकाभर बसावे. पत्र्यावरील थर पुढच्या वर्षीही तेथेच असतील. माणसांच्या आठवणींविषयी तसे म्हणता येत नाही.